आपांची एकशे अठ्ठावीस घरं

हिंगोलीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी सतरा वर्षं मायक्रोकंट्रोलर हा विषय शिकवतो आहे. त्यातली पहिली नऊ वर्षं मला तो येत नव्हता. हे मला माहीत नव्हतं, विद्यार्थ्यांना माहीत नव्हतं, आणि माझ्या विषयाचा निकाल बरा लागत असल्यामुळे प्राचार्यांनाही माहीत नव्हतं. कळलं ते फक्त आखाडा बाळापूरच्या एका बाईंना, आणि तेही दोन स्क्रूंवरून.

बाळापूरजवळच्या आमच्या गावी वडील शेती बघतात. विहिरीवरच्या मोटारीला त्यांनी आपोआप चालू होणारा बोर्ड बसवलेला होता. लाईट आली की तो जरा थांबतो, तिन्ही फेज बरोबर आहेत का बघतो आणि मग मोटार चालू करतो. शेतकऱ्याचा रानातला एक हेलपाटा वाचतो. तो बोर्ड एकदा बंद पडला. वडील म्हणाले, "बाळापूरला आपाकडं टाकून येतो." मी म्हणालो, "बाबा, त्यात जी चिप आहे ना, तीच मी कॉलेजात शिकवतो."

पहिल्या रविवारी मी बोर्ड उघडला. दुसऱ्या रविवारी त्याचे फोटो काढले. तिसऱ्या रविवारी तो आधीपेक्षा जास्त बंद झाला. चौथ्या रविवारची वाट न पाहता वडिलांनी तो पिशवीत घातला, बाळापूरला नेला आणि त्याच दिवशी चालू करून आणला. सोबत एक निरोप होता. "आपा म्हनल्या, ज्यानं हे उघडलं व्हतं त्याच्याजवळ दोन स्क्रू उरले असतील, तेवढे पाठवून द्या."

स्क्रू खरंच माझ्या टेबलावर होते. पुढच्या शनिवारी ते परत करायच्या निमित्तानं मी दुकानात गेलो. खरं कारण वेगळं होतं. बोर्डात नेमकं काय बिघडलं होतं हे मला जाणून घ्यायचं होतं, पण ते विचारायचं नव्हतं.

दुकान रस्त्यावरच होतं. पुढच्या भागात युसूफभाई मोटारी भरत. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. मागच्या भागात, एका पडद्याआड, त्यांच्या पत्नी खैरुन्निसा बसत. त्यांना सगळा गाव आपा म्हणायचा. वय पन्नाशीच्या आसपास, चष्म्याच्या एका काडीला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, डोक्यावरून ओढणी, आणि सोल्डरिंगच्या धुरानं डोळे कायम थोडे बारीक केलेले. गिऱ्हाईक आलं की युसूफभाई ओळख करून देत, "मेरा काम तांबे का, इनका काम हवा का." प्रोग्राम दिसत नाही, म्हणून तो हवा.

मी स्क्रू टेबलावर ठेवले. आपांनी ते उचलले, एका डबीत टाकले आणि म्हणाल्या, "तुमी शिकवता म्हने हे."

"हो. नऊ वर्षं झाली."

"मंग बरं झालं तुमी आले. मला एक ईचारायचं व्हतं."

आणि त्यांनी असा प्रश्न विचारला, की नऊ वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं तो विचारला नव्हता आणि एकाही पेपरात तो आला नव्हता. काय विचारलं ते मी इथं लिहिलं असतं, पण तेव्हा मला तो प्रश्नच नीट कळला नाही. मी म्हणालो, "बघून सांगतो." हे वाक्य मी पुढची चार वर्षं त्या दुकानात म्हणत राहिलो.

आपांचं शिक्षण उर्दू शाळेत दहावीपर्यंत, मग आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स. लग्नानंतर त्या रेडिओ, चार्जर, स्टार्टर दुरुस्त करू लागल्या. मग बोर्डांमध्ये चिपा यायला लागल्या. बाकी सगळे भाग तपासून बदलता येत, पण चिपेत काय लिहिलंय ते दिसत नसे. त्यांना ह्याचा फार राग यायचा. "आपल्या टेबलावर पडून राहिलीय अन् आपल्यालाच सांगत न्हाई काय करून राहिली ते," असं त्या म्हणत. शेवटी त्यांनी टपालानं चिप लिहायचं यंत्र मागवलं, एक हिंदी पुस्तक मिळवलं, आणि पुस्तकात न समजलेलं मुलीकडून वाचून घेतलं. मुलगी पुढं लग्न होऊन नांदेडला गेली, तोवर आपांना सी भाषा येऊ लागली होती. इंग्रजी मात्र आली नाही. त्यांचं सगळं इंग्रजी सी भाषेतलंच. विचारल्यावर धड उत्तर न देणाऱ्या माणसाला त्या वॉइड म्हणत, कारण वॉइड म्हणजे काहीच परत न देणारं फंक्शन, प्रोग्रामचा एक तुकडा. "बँकेतला तो नवा मानूस वॉइड हाय," असं त्या अगदी गंभीरपणे सांगत. जावयाबद्दल म्हणत, "कॉन्स्ट हाय. बदलनार न्हाई."

त्यांची एक सवय मी पहिल्याच दिवशी पाहिली. नवा प्रोग्राम लिहिण्याआधी त्या एखादी जुनी लग्नपत्रिका घेत, तिच्या कोऱ्या बाजूला पट्टीनं रेघा मारत आणि चौकोन पाडत. सोळा आडवे, आठ उभे. एकशे अठ्ठावीस.

ज्या छोट्या चिपा त्या वापरत, त्यांच्यात दोन प्रकारच्या जागा असतात. एक प्रोग्रामची जागा. तिच्यात जे एकदा लिहिलं ते लाईट गेली तरी राहतं, आणि ती बऱ्यापैकी मोठी असते. दुसरी कामाची जागा, म्हणजे रॅम. चालू असताना जे काही बदलतं ते तिच्यात. आपांच्या चिपेत ती फक्त एकशे अठ्ठावीस बाइटची होती. ज्या मोबाईलवर लोक दिवसभर हसण्याच्या चित्रफिती पाहतात, त्याच्यात अशी कोट्यवधी घरं असतात. इथं एकशे अठ्ठावीस. आपा प्रत्येक बाइटला घर म्हणत. प्रोग्राममधल्या प्रत्येक नावाला पेन्सिलीनं घर नेमून देत आणि शेवटची तीसेक घरं रिकामी सोडत. "हे येनाऱ्या-जानाऱ्यासाठी," म्हणत. एका फंक्शनमधून दुसऱ्यात जाताना चिपेला परत यायची वाट लिहून ठेवावी लागते, ती ह्या घरांत. मी हा भाग नऊ वर्षं फळ्यावर काढत होतो. चौकोन मोजावे असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीत आपांनी मला काम दिलं. त्यांना बोर्डावर छोटा पडदा लावायचा होता. मोटार चालू, एक फेज गेला, पाणी नाही, अशी बारा वाक्यं त्यावर यायला हवी होती. आपांना वाटलं, इंजिनियर माणूस आहे, हे पटकन करून देईल. मलाही तसंच वाटलं.

मी बारा वाक्यांचा एक ॲरे केला. ॲरे म्हणजे एकाच प्रकारच्या गोष्टींची रांग, एकाला लागून एक. प्रत्येक वाक्य सोळा अक्षरांचं, बारा वाक्यं, म्हणजे जवळपास दोनशे घरं. कंपायलरनं, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम चिपेच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, सांगितलं, जागा नाही. मी इंटरनेटवर शोधलं. एका ठिकाणी लिहिलं होतं की सेटिंगमध्ये 'स्मॉल'च्या जागी 'लार्ज' निवडा. निवडलं. चुका शून्य, इशारे शून्य. मी संगणकावरचा तो निकाल मोबाईलवर टिपून घेतला आणि शनिवारी बाळापूरला जाऊन आपांना दाखवला.

चिप लिहिली, बोर्ड चालू केला. पडद्यावर काही काळे चौकोन, दोन प्रश्नचिन्हं आणि जपानी वाटावीत अशी अक्षरं आली. युसूफभाई मधला कापडी पडदा सारून आत डोकावले आणि म्हणाले, "क्या है, मोटर को जपान का पानी लगा क्या?"

मी म्हणालो, पडदा खराब असेल. आपांनी दुसरा लावला. मी म्हणालो, चिप खराब असेल. आपांनी दुसरी लावली. मी लाईटवर घसरणार होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "सर, तुमचा ॲरे राहतो कुठं?"

"बाहेरच्या मेमरीत. लार्ज केलं ना मी."

त्यांनी बोर्ड उचलून माझ्यासमोर धरला. "दाखवा बरं, बाहेरची मेमरी कोनती ती."

मी बोर्डाकडे पाहिलं. एक चिप, एक क्रिस्टल, चार रिले, थोडे रेझिस्टर. बाहेरची मेमरी ही वेगळी चिप असते. ती ह्या बोर्डावर नव्हती. कधीच नव्हती.

"कंपायलरला काय ठावं बोर्डावर काय हाय," आपा म्हणाल्या. "तुमी सांगितलं मागं खोली हाय. त्यानं सामान नेऊन ठिवलं. खोलीच न्हाई तर सामान कुठं जाईल?" मग माझा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "माझं बी झालं व्हतं असं. पंधरा दिवस मी पडदेच बदलून राहिले व्हते."

त्यांनी माझ्या ओळीत 'कोड' हा एकच शब्द घातला. हा शब्द ॲरेला प्रोग्रामच्या जागेत ठेवतो. वाक्यं काही बदलणार नव्हती, मग ती अरुंद कामाच्या जागेत कशाला कोंबायची? पडद्यावर 'मोटार चालू' आलं. रॅममधलं एकही घर गेलं नाही. त्या दिवशी घरी परतताना मी सबंध रस्ताभर स्वतःला समजावत होतो, की शिक्षकाचं काम तत्त्व शिकवणं असतं.

ह्या प्रकारानंतर मी प्राचार्यांना म्हणालो, आपांना एका तासासाठी बोलवू या. प्राचार्यांनी त्यांची पदवी विचारली. मी म्हणालो, बघून सांगतो. कॉलेजच्या पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये 'शिक्षण' असा रकाना असतो. आपांनी त्यात मराठीत लिहिलं, 'चालू आहे'. ते रजिस्टर मी जपून ठेवलं आहे.

वर्गात त्या फळ्याजवळ गेल्या नाहीत. पहिल्या बाकासमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना वहीत एकशे अठ्ठावीस चौकोन पाडायला लावले. मग एका मुलीला म्हणाल्या, "तुझं नाव इंग्रजीत लिही. किती घरं लागली?"

"सात, मॅडम."

"आठ. नावामागं एक शून्य बसतं, नाव संपलं हे कळाया. त्याला बी घर लागतं. त्याला सोडून दिलं तर ते शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसतं, अन् शेजारी काही बोलत न्हाई."

शेवटच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "मॅडम, तुम्ही हे कुठून शिकलात?"

"खराब झालेल्या बोर्डाकडून," आपा म्हणाल्या. "चांगला बोर्ड काही शिकवत न्हाई."

मी मागं बसून हे सगळं लिहून घेत होतो. एका विद्यार्थ्यानं वळून माझ्या वहीकडे पाहिलं, तेव्हा मी हजेरी घेत असल्यासारखं केलं.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी मला सुरुवातीला कुणाला सांगायची नव्हती.

आपांच्या बोर्डाला फोन जोडायचं ठरलं. शेतकऱ्यानं घरून मिस्ड कॉल दिला की मोटार चालू, पुन्हा दिला की बंद. पण कुणाच्याही कॉलवर ती चालू होऊन चालणार नव्हती, म्हणून बोर्डात परवानगी असलेल्या दहा नंबरांची यादी ठेवायची. आपांनी युक्ती काढली. दोन आकडे एका घरात बसवले, म्हणजे दहा आकडी नंबर पाच घरांत मावला. दहा नंबर, पन्नास घरं. लाईट गेली तरी ती पुसली जाऊ नयेत म्हणून बोर्डाला एक छोटी बॅटरी जोडली. पत्रिकेवर त्यांनी पन्नास घरांना पेन्सिलीनं छटा दिली, आणि लगेच पुढच्या घरात लिहिलं, 'मोटार'. ह्या घरात शून्य असेल तर मोटार बंद, दुसरं काहीही असेल तर चालू.

यादीचा भाग मी लिहीन म्हणालो. आपा म्हणाल्या, राहू द्या, मी लिहिते. मी हट्ट धरला. मला त्या जपानी अक्षरांचा हिशेब चुकता करायचा होता.

मी लिहिलेलं काम साधं होतं. मेसेजनं नवा नंबर आला की यादीत किती नंबर आहेत ते बघायचं, जागा असेल तर पुढच्या जागेवर लिहायचं. मी अट घातली, संख्या दहा किंवा दहापेक्षा कमी असेल तर लिही. असायला हवी होती फक्त दहापेक्षा कमी. दहा नंबर भरलेले असताना माझा प्रोग्राम अकरावाही घेत होता, आणि अकराव्याला जागा नव्हती. सी भाषा रांगेचं टोक तपासत नाही. ती पुढच्या घरात लिहून मोकळी होते. आम्ही तपासताना चार-पाच नंबर घालून पाहिले. अकरा कुणी घातले नाहीत.

असे नऊ बोर्ड बाळापूरपासून गोरेगावपर्यंत बसले. एक सिद्धेश्वर धरणाच्या काठच्या गावात, किसनराव नावाच्या शेतकऱ्याकडे. धरणाच्या पाण्याच्या कडेला त्यांची मोटार. घर मोठं, तीन भाऊ, सगळ्यांचे नंबर घालून दहा झालेले. त्यांची सून सुरेखा, शेताचं निम्मं काम तीच बघायची, पण तिचा नंबर यादीत नव्हता. एका सकाळी किसनराव मोटारीकडे गेले. मोटार बंद होती. मोटार आणि पंप ह्यांना जोडणाऱ्या भागात अडकलेलं गवत ते हातानं काढत होते. त्याच वेळी घरी सुरेखानं सासऱ्यांना विचारूनच ठरल्याप्रमाणे आपला नंबर बोर्डाला पाठवला. अकरावा.

मोटार चालू झाली. गमछा आत ओढला गेला आणि त्याबरोबर उजवा हात. शेजारच्या रानातल्या माणसानं धावत येऊन खटका पाडला म्हणून हात राहिला. मनगट मोडलं होतं.

बातमी मला आपांनी फोनवर सांगितली. त्या त्याच दिवशी जीपनं तिथं जाऊन बोर्ड काढून घेऊन आल्या होत्या. मी दुकानात पोहोचलो तेव्हा टेबलावर तो बोर्ड होता आणि मोटारीच्या जागी एक बल्ब जोडलेला होता. आपांनी यादी आधीसारखी दहा नंबरांनी भरली. बल्ब बंद. मग स्वतःच्या फोनवरून अकरावा पाठवला. बल्ब लागला. त्यांनी हे तीन वेळा केलं. तिन्ही वेळा लागला.

मग त्यांनी प्रोग्रामचे कागद काढले, एका ओळीवर बोट ठेवलं.

"सर, इथं बरोबरीचं एक चिन्ह जास्त पडलंय."

मी ती ओळ पाहिली.

"अन् माझी चूक ही," त्या म्हणाल्या, "की मी मोटारीला त्याच्या शेजारी घर दिलं. तिथं दुसरं काही असतं तर नुसतं पडद्यावर वाकडं-तिकडं आलं असतं."

नऊच्या नऊ बोर्ड त्यांनी परत आणले. कधी एसटीनं, कधी गोरेगावच्या जीपमध्ये मांडीवर ठेवून. लोक टोमणे मारत होते, बाईनं केलेला बोर्ड, अजून काय होणार. आपा म्हणत, "बोर्ड माझाच हाय." माझं नाव त्यांनी एकदाही कुठं घेतलं नाही. युसूफभाईंना सुद्धा बहुतेक सांगितलं नसावं, कारण ते माझ्यासाठी पूर्वीसारखाच चहा मागवत.

ह्या काळात मी काय केलं, तर एक सविस्तर तांत्रिक निवेदन लिहिलं. दोन पानांचं. त्यात 'मर्यादा' हा शब्द सात वेळा होता आणि 'चूक' हा शब्द नव्हता. ते कुणाला द्यायचं हे न ठरल्यामुळे मी ते बॅगेत ठेवलं. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आहेत, असंही मी स्वतःला सांगत होतो. त्या दीड महिना लांब होत्या.

अकराव्या दिवशी आपांनी फोन केला. "सर, किसनरावाच्या घरी सुनेचा फोन काढून घेतलाय. तिनंच काहीतरी दाबलं म्हनतात. तिला शेताकडं बी जाऊ देऊन राहिले न्हाई. मी दोनदा जाऊन आले. माझं ऐकत न्हाईत. म्हनले, बाई बाईचीच बाजू घेनार." मग म्हणाल्या, "तुमच्याजवळ डिग्री हाय. तुमचं ऐकतील."

त्यांनी 'चूक तुमची आहे' असं म्हटलं असतं, तर मी कदाचित वाद घातला असता. त्या फक्त डिग्रीबद्दल बोलल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. किसनराव ओसरीवर बाजेवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. भाऊ आणि मुलगा उभे. सून आत, दाराच्या आड. मी पेन काढला, कागद मांडला आणि समजावून सांगायला लागलो. चिपेत कामाची जागा कशी असते, ॲरे म्हणजे काय, मोजणी शून्यापासून का होते. दहा मिनिटं झाली असतील. मी सोळाच्या पाढ्यावर आलो होतो.

किसनराव म्हणाले, "सर, हात ठणकून राहिलाय. एका वाक्यात सांगा."

मी आपांकडे पाहिलं. त्या अंगणातल्या शेळीकडे बघत होत्या.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "तुमच्या सुनेची नाही, आपांची पण नाही. तो भाग मी लिहिला होता."

किसनरावांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला उठून जावंसं वाटलं. मग ते मुलाला म्हणाले, "तिचा फोन दे तिला."

मुलगा आत गेला. थोड्या वेळानं सुरेखा चहा घेऊन बाहेर आली. आपांना दिला, सासऱ्यांना दिला. मला दिला नाही. मी तेवढ्याच लायकीचा होतो, आणि ते पाहून मला विचित्र बरं वाटलं.

"मास्तर," किसनराव म्हणाले, "पोरांना तुमी हेच शिकवता का?"

"हो."

"मंग आता नीट शिकवा."

निघताना आपांनी त्यांना विचारलं, बोर्ड परत बसवायचा का. ते म्हणाले, सध्या नको. त्या हंगामात दुकानात बोर्डाचं एकही नवं काम आलं नाही. आपा चार्जर दुरुस्त करत राहिल्या आणि मधल्या वेळात त्यांनी सगळे बोर्ड पुन्हा केले. माझी ओळ दुरुस्त केली, मोटारीचं घर यादीपासून लांब नेलं, आणि प्रत्येक पेटीच्या बाहेर एक लाल खटका बसवला. तो पाडला की मोटारीकडे जाणारी वायरच तुटते. मग चिप काहीही म्हणो. मी म्हणालो, प्रोग्राम आता बरोबर आहे, खटक्याची गरज नाही. आपा म्हणाल्या, "प्रोग्राम तवा बी बराबरच वाटला व्हता ना, सर. मानसाचा हात मेमरीवर सोपवायचा न्हाई."

पुढच्या हिवाळ्यात किसनरावांच्या घरून फोन आला. सुरेखाचा. तिनंच बोर्ड परत मागवला, आणि बसवताना तीच शेजारी उभी राहून प्रत्येक गोष्ट विचारत होती, असं आपांनी मला सांगितलं. अकरा नंबर घालून बघा, असंही तिनं म्हटलं. आपांनी घालून दाखवले. तिचं समाधान झाल्यावरच पेटी बंद झाली. किसनरावांचं मनगट जुळलं, पण त्या हाताची दोन बोटं अजून पुरती वळत नाहीत. मला ते रस्त्यात भेटले तर डावा हात वर करतात.

मी मात्र नीट शिकवायला लागलो असं म्हणवत नाही. विद्यार्थ्यांना चौकोन पाडायला लावतो एवढंच. आणि ती ओळ फळ्यावर लिहून, ही कुणी लिहिली होती तेही सांगतो. पहिल्या वर्षी पोरं मजेत हसली. आता दरवर्षी हसतात, आणि मीही त्यांच्यात सामील होतो. हसून झालं की एक तरी विद्यार्थी विचारतो, त्या माणसाच्या हाताचं काय झालं.

पुढे युसूफभाईंच्या हाताला कंप सुटला आणि आपांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुलीनं दोघांनाही नांदेडला बोलावून घेतलं. दुकान एका फॅब्रिकेशनवाल्यानं घेतलं. गेल्या वर्षी युसूफभाईंचा फोन आला, की आपा गेल्या. झोपेतच, फारशी तकलीफ न होता. मी नांदेडला जाऊन आलो. घरात गर्दी होती, मी मागं उभा राहिलो आणि परत आलो. त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही.

आठवतं ते बाळापूरच्या स्टँडवरचं. त्या कायमच्या निघाल्या त्या दिवशी मी निरोप द्यायला गेलो होतो. हिंगोलीहून आलेली नांदेडची बस उभी होती. युसूफभाई आत सामान लावत होते, आपा खिडकीशी बसल्या होत्या. बस निघेना. कंडक्टरचं तिकिटाचं यंत्र अडून बसलं होतं. तो त्याला थापटत होता, चिडत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आपांनी खिडकीतून मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग मान वळवून कंडक्टरकडे पाहिलं आणि हात पुढं केला. "दे इकडं."

त्यानं दिलं. त्यांनी यंत्र मांडीवर उलटं ठेवलं, मागचं झाकण काढलं, बॅटरी बाहेर घेतली आणि ओढणीच्या टोकानं तिची टोकं पुसू लागल्या. ढिला झालेला चष्मा नाकावर घसरला होता. अर्धी बस उठून बघत होती. मी खाली, खिडकीच्या बरोबर खाली उभा होतो. मला वाटलं, चार्जिंगच्या पिनमध्ये दोष असावा. सांगावं का, असा विचार मी केला. मग गप्प राहिलो. यंत्र सुरू झालं, कंडक्टरनं बेल दिली, आणि बस नांदेडच्या रस्त्याला लागली, तेव्हा आपा अजून झाकणाचा शेवटचा स्क्रू बसवत होत्या. माझ्याकडे बघायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.